कुंड्यांचा जमाखर्च



गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, बाल्कनीत ठेवायला छान दिसणारे सक्युलंट सुचव ना. ऑनलाइन बघतेय, पण सगळेच गोड दिसतात." नावे सांगायच्या ऐवजी मीच तिला विचारत बसले. बाल्कनी पूर्वेला की पश्चिमेला? दुपारी दोनला तिथे ऊन असते का? पाणी कोण घालणार, तू की कामाच्या मावशी? मे महिन्यात तुमचे घर पंधरा दिवस बंद असते, तेव्हा काय? ती हसायला लागली. "मावशी, मी रोप विचारतेय आणि तू स्थळ बघितल्यासारखी चौकशी करतेस!"

बरोबर बोलली पोर. लग्न जमवताना आपण नुसत्या फोटोवर जात नाही. घर बघतो, माणसे बघतो, मुलगी तिथे नांदेल का ते बघतो. मग एक जीव उचलून घरात आणताना फोटोवर का भुलावे?

सक्युलंट म्हणजे पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून ठेवणारी झाडे. पुस्तकात त्यांना 'मांसल पानांची' म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडी बसत नाही, म्हणून मी त्यांना गुबगुबीत पानांची म्हणते. आपली कोरफड, पानफुटी, कुंपणाचा थोर ही सगळी त्याच प्रकारातली. आपण पिढ्यानपिढ्या ती पाहिली, फक्त शोभेची म्हणून विकत घेतली नव्हती. आता चहाच्या कपाएवढ्या कुंडीत, हिरवट निळ्या, गुलाबी कडेच्या पानांची ही रोपे शंभर-दीडशे रुपयांना मिळतात आणि बघताच उचलावीशी वाटतात.

मीही उचलली. नुसती उचलली नाहीत, साठ घरांत वाटली. ती चूक आधी सांगते, म्हणजे पुढचे बोलायचा मला अधिकार राहील.

मुलाच्या पुण्यातल्या नव्या घराची वास्तुशांती होती. पाहुण्यांना काय द्यायचे यावर घरात चर्चा झाली. मी म्हणाले, स्टीलचे डबे देऊ. सूनबाई म्हणाली, "आई, डबे सगळ्यांच्या माळ्यावर पडून राहतात. आपण जिवंत भेट देऊ." मला ते इतके पटले की रोपे निवडायला मीच तिच्याबरोबर गेले. गुलाबाच्या फुलासारखी पाकळ्यांची घडी असलेली एचेव्हेरिया मीच पसंत केली. साठ रोपे, साठ पांढऱ्या चिनी मातीच्या कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीवर अहिंसेचे वचन छापलेली चिठ्ठी. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. कुंडीला खाली भोक नाही, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आले नाही.

पुढच्या दिवाळीत नातेवाइकांना फोन करताना मी सहज विचारू लागले, रोप कसे आहे? चौतीस घरांत विचारले. पाच जिवंत होती. कुणी म्हणाले पाण्याने सडले, कुणी म्हणाले उन्हात करपले. एका आत्यांनी तर विचारले, "अगं, ते खरं होतं का? मी प्लॅस्टिकचं समजून शोकेसमध्ये ठेवलं होतं. रोज पुसायची."

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले, तेव्हा ते शोकेस डोळ्यांपुढून हलेना. अहिंसेची चिठ्ठी लावून आपण जीव वाटले होते, आणि ते कोणाच्या हाती देतो आहोत हे पाहिले नव्हते.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण किराणा, दूध, औषधे यांच्या वह्या चाळीस वर्षे लिहिल्या. कुंड्यांचीही एक वही २०१७ पासून होती. रोप कधी आणले, किती रुपयांना, आणि गेले तर कधी गेले. त्या दिवाळीनंतर मी ती वही पहिल्यांदा ताळेबंद काढायच्या दृष्टीने उघडली. विकत आणलेली ४६, भेट आलेली ९, एकूण जमा ५५. कुणाला दिलेली ३. मेलेली ३१. शिल्लक २१.

एकतीस! व्यापारात इतका तोटा झाला असता तर आमच्या सासऱ्यांनी दुकानच बंद केले असते. मग मी महिन्यांप्रमाणे खतावणी केली. जुलै ते सप्टेंबरमध्ये १७ गेली, एप्रिल-मेमध्ये ९, बाकीच्या महिन्यांत ५. जातीप्रमाणे पाहिले तर एकट्या एचेव्हेरियाची संख्या १४ होती. आणि तहानेने मेलेले रोप सगळ्या वहीत एकच. बाकी बहुतेक माझ्या पाण्याने, माझ्या मायेने, माझ्या चुकीच्या निवडीने गेली.

आता तुम्ही म्हणाल, रोपांसाठी एवढे मनाला काय लावून घ्यायचे? आपण रोज भाजी चिरतोच की.

चिरतो. पण ती पोटासाठी, आणि तीही मर्यादा घालून. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण सुटत नाही, म्हणूनच ती गरजेपुरती ठेवायला सांगितले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड समजावताना प्रमादचर्या सांगितली आहे. कामाशिवाय माती उकरणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे असे सगळे त्यात येते. सुंदर दिसले म्हणून आणले, जगेल का हे पाहिले नाही, मेले तेव्हा कुंडीसकट कचऱ्यात टाकले आणि दुसरे आणले, याला मी दुसरे काय नाव देऊ?

या गुबगुबीत झाडांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. गोम्मटसाराच्या जीवकांडात साधारण वनस्पतीची लक्षणे दिली आहेत. शिरा आणि सांधे दिसत नाहीत, मोडले की सरळ तुकडा पडतो, आत तंतू नसतो, आणि कापले तरी पुन्हा उगवते. जेडचे एक पान मोडून बघा. (बघू नका, माझे ऐका.) शीर दिसत नाही, कट्‌दिशी मोडते, आणि मातीवर पडले तर पंधरा-वीस दिवसांत मूळ धरते. पानफुटीच्या तर एका पानाच्या कडेने बाळांची रांग लागते. श्वेतांबर परंपरेतल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत कुंवार म्हणजे कोरफड आणि थोर या दोघांचीही नावे आहेत. ज्या पानाला नर्सरीवाला 'अगदी कमी देखभालीचे' म्हणून विकतो, त्या पानाकडे आपल्या आचार्यांनी अनंत जीवांचे घर म्हणून पाहिले. हे माहीत असूनही ज्यांना काही वाटत नसेल त्यांना मी काही म्हणणार नाही. मला वाटते.

चातुर्मासात सोलापूरला माताजींच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा मी हे सगळे सांगितले. मला वाटले, त्या म्हणतील सोडून दे. माताजी म्हणाल्या, "कुंड्या ठेव असं मी सांगणार नाही. ठेवल्या असतील तर मोजून ठेव." एवढेच. घरी आल्यावर मी एकवीस कुंड्यांचे परिमाण घेतले. सोने, कपडे, भांडी यांचे परिमाण घेतो, तसे कुंड्यांचेही. बाविसावी येणार नाही. एखादे गेले तर वर्षभर ती जागा मोकळी ठेवायची आणि का गेले ते आधी शोधायचे.

परिमाण घेतल्यावर निवड आपोआप कडक होते. आमच्या मंद्रूपला उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि स्लॅब रात्रीही गार होत नाही. पाऊस कमी, पण येतो तेव्हा दोन-चार दिवस झड लागते. या हवेत कोण नांदते आणि कोण नाही, हे वहीत मला स्पष्ट दिसले. ते तुम्हाला सांगते. तुमचे गाव वेगळे असेल तर यादी बदलेल, पण पाहायची पद्धत हीच.

कडक उन्हाच्या गच्चीसाठी माझी पहिली पसंती अडेनियम. आफ्रिका आणि अरबस्तानातले झाड, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला माहेरासारखा. बुंधा फुगीर, जणू लहानसा वड, आणि गुलाबी-लाल फुले नेमकी उन्हाळ्यात येतात, जेव्हा बाकी सगळे माना टाकते. पावसाची झड लागली की मात्र छपराखाली ओढायचे, नाहीतर बुंधा मऊ पडतो. माझे एक त्यानेच गेले. याचा चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. घरात रांगते मूल असेल तर हे झाड उंचावर ठेवा किंवा आणूच नका.

दुसरे, नर्सरीत ज्याला सगळे जेड म्हणतात ते. त्यात दोन झाडे आहेत. एक खरे जेड, जाड मोठ्या पानांचे. दुसरे बारीक गोल पानांचे आणि लालसर काडीचे, त्याचे नाव पोर्टुलाकेरिया. दक्षिण आफ्रिकेत ते हत्तींचे खाद्य आहे. आमच्याकडे दुसरे अधिक टिकते. ऊन सोसते, वाटेल तसा आकार घेते, आणि वहीत त्याच्या नावापुढे आजवर एकही मृत्यू नाही. जेडने घरात पैसा येतो असे सांगून ते विकतात. मी दहा वर्षांपासून ठेवले आहे, हिशेब माझ्याकडेच असतो, पैसा काही वाढलेला दिसला नाही. कर्मसिद्धांत मानणाऱ्यांनी झाडावर असला भार टाकू नये.

तिसरी, चिनी गुलाब. काही जण तिला ऑफिस टाइम म्हणतात, कारण फुले नऊ-दहाला उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. स्वस्त, रंगांची उधळण, आणि ऊन जितके जास्त तितकी फुले जास्त. काट्यांचे चालत असेल तर युफोर्बियाही बारमाही फुलतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कोरफड तर आहेच. भर उन्हात ती तांबूस होते. घाबरू नका, आजारी नसते.

सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या व्हरांड्यात हॅवर्थिया ठेवा. गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढऱ्या आडव्या रेघा, मुठीत मावेल एवढे रोप. लहान कुंडीत इतके देखणे दुसरे काही नाही. उन्हाळ्यात ते वाढत नाही, झोपी जाते. त्या वेळी जास्त पाणी घालून त्याला उठवायला जाऊ नका. घरात खिडकीशी स्नेक प्लांट ठेवा. पंधरा दिवस विसरलात तरी रुसत नाही.

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देते आणि खोलीची हवा शुद्ध करते, असा निरोप तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल, नासाच्या नावाने. नासाने १९८९ साली तसा अभ्यास प्रसिद्ध केला होता हे खरे. पण ते प्रयोग हवाबंद पेटीत केलेले होते. आपल्या दारे-खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन कुंड्यांनी हवा शुद्ध होत नाही. खिडकी उघडा, ते जास्त उपयोगी आहे.

मला मात्र या झाडांची दुसरीच गोष्ट आवडते. बाकीची झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडतात. ही बहुतेक झाडे दिवसा रंध्रे मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात रंध्रे उघडून हवा आत घेतात, साठवतात, आणि दिवस उजाडल्यावर उन्हात तिचे अन्न करतात. म्हणजे शिधा रात्री भरला तरी स्वयंपाक सूर्योदयानंतरच! हे वाचले तेव्हा मला घरचेच कुणी भेटल्यासारखे वाटले.

आता न आणण्याची यादी. एचेव्हेरिया कितीही सुंदर असली तरी आमच्या गावासाठी नाही. ती मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला रात्रीचा गारवा हवा. बंगळूरला किंवा महाबळेश्वरला राहणाऱ्या मैत्रिणींनी जरूर ठेवावी. लाल-पिवळी टोपी घातलेले छोटे कॅक्टस मिळतात, तेही नको. त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्यच नसते, म्हणून तो स्वतःचे अन्न करू शकत नाही. खाली दुसरे हिरवे निवडुंग जोडलेले असते, त्याच्या जिवावर तो जगतो, आणि बहुधा काही वर्षांत दोघेही जातात. रंग फवारलेली निळी-जांभळी रोपे तर हातातही घेऊ नका. पानाला रंग फासला की त्याला ऊन कसे मिळणार? काही ठिकाणी कॅक्टसवर गरम गोंदाने वाळकी फुले चिकटवतात. तशी रोपे मी पाहते तेव्हा दुकानदारापेक्षा घेणाऱ्याचा राग येतो, कारण आपण घेतो म्हणून ते चिकटवतात.

नर्सरीत गेल्यावर फूल किंवा रंग आधी बघू नका. कुंडी उचलून खालून बघा. भोक आहे का? बुंध्याशी बोट लावून बघा, टणक आहे की मऊ? पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे काही दिसते का? ते असेल तर रोप कितीही स्वस्त असले तरी परत ठेवा. पानांमध्ये लांब अंतर पडलेले, मान वर काढलेले रोप म्हणजे अंधारात वाढलेले. बुटके, घट्ट, जरा धूळ बसलेले रोप घ्या. आमच्या रस्त्यावरचा नर्सरीवाला आता मला ओळखतो. मी दिसले की म्हणतो, "अक्का आल्या, आता कुंड्या उलट्या होणार." होऊ देत. आणि खरेदी दिवाळीनंतर करा. वैशाखात किंवा ऐन पावसाळ्यात नवे रोप आणणे म्हणजे तापातल्या माणसाला प्रवास घडवणे.

पांढऱ्या कापसाचा विषय निघालाच आहे तर थांबून बोलते. आमच्याकडचे द्राक्षबागायतदार त्याला मिलीबग म्हणतात. तो त्रस जीव. एकदा घरात आला की आपल्यापुढे दोनच वाटा राहतात, फवारून जीव मारायचे किंवा झाड जाऊ द्यायचे. आपल्या घरासाठी दोन्ही वाटा वाईट. मी काय करते ते सांगते, बरोबर आहे असा दावा नाही. ती कुंडी लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवते, बाधलेली पाने अलगद काढते आणि किड्यांसकट परसाच्या टोकाला जुन्या थोराखाली ठेवून येते. मग णमोकार म्हणते. यात हिंसा नाही असे मी म्हणणार नाही. म्हणूनच खरेदीच्या वेळची पाच मिनिटे महत्त्वाची. दाट वारा, कमी पाणी, कमी खत एवढे पाळले तर हा प्रसंग फार क्वचित येतो.

खताचेही तसेच. तयार कुंडीमातीच्या पिशवीवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. अनेकींत बोनमील असते, म्हणजे हाडांचा चुरा. ताटात जे येऊ देत नाही ते कुंडीत का? या झाडांना त्याची गरजही नाही. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला आणि ज्वारीला तो गुण, या झाडांना तोच काळ. मी एक भाग माती, एक भाग जुने शेणखत आणि दोन भाग जाड वाळू, मुरूम, विटांचे बारीक तुकडे असे मिसळते, वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडी मातीची, रोपापेक्षा दोन बोटेच रुंद. भाजलेल्या मातीतून ओल उडून जाते, आणि देखणी म्हणाल तर करड्या-हिरव्या पानांना तांबड्या कुंडीइतका शोभणारा रंग दुसरा नाही. तीन कुंड्या शेजारी मांडायच्या तर एक उभी, एक गोल, एक लोंबती घ्या. तेवढ्याने कोपरा भरतो. उन्हाळ्यात कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. खाली दोन विटा द्या आणि दुपारपुरती वर हिरवी जाळी. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, त्यात डासांची अंडी होतात आणि मग आणखी हिंसा.

पाणी किती? बोट मातीत दोन पेरे घालायचे. ओल लागली तर नाही. एवढाच नियम. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मोजून पाणी वापरणाऱ्या घराला ही झाडे शोभतात. जलकायाचीही तेवढी विराधना कमी. आणि चातुर्मासात माती हलवायची नाही, फांदी कापायची नाही, हा आजेसासूबाईंचा नियम होता. आता कळते की पावसाळ्यात कुंडी बदलली की या झाडांची ओली जखम सडते. नियम त्यांनी धर्मासाठी पाळला, झाडे त्यानेच वाचली.

एक विनंती रानातल्या झाडांबद्दल. माळावर माकडशिंग दिसते, गडांवर शिंदळमाकुडी. ही शिंदळमाकुडी महाराष्ट्राबाहेर रानात कुठे आढळत नाही. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे. डॅलझेल या वनस्पतीतज्ज्ञाने तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. पावसात तिला गडद लाल चांदणीसारखी फुले येतात, उन्हाळ्यात पाने गळून नुसत्या काड्या उरतात. सहलीला गेलेली मंडळी 'एक काडी तर घेतो' म्हणतात. नका घेऊ. ती तिच्या घरी आहे.

हौसेने आणलेल्या झाडाचे पुढे काय होते याचा जुना दाखला फड्या निवडुंगाचा. ते मूळचे अमेरिकेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर वाढणारे लाल रंगाचे किडे आपल्या देशात आणले, रंगाच्या धंद्यासाठी. आज त्यांच्या जवळच्याच एका जातीच्या किड्यांपासून केलेला लाल रंग मिठाया-बिस्किटांत येतो, आणि पाकिटावर १२० हा आकडा दिसला की आपण ते परत ठेवतो. एक झाड, एक किडा, एक हौस, आणि त्याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

माझ्या मुलाला हे सगळे जरा जास्त वाटते. तो म्हणतो, "आई, असा विचार केला तर नर्सरीवाल्यानं जगायचं कसं? आणि चार रोपं मरतात तेव्हाच माणूस पाचवं जगवायला शिकतो." त्याचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. मीही एकतीस घालवूनच शिकले. पण ते शिकणे आपल्या कुंडीत व्हावे, एखाद-दुसऱ्या रोपावर. न मागितलेल्या साठ लोकांच्या हाती साठ जीव देऊन नव्हे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रिटर्न गिफ्ट म्हणून रोपे वाटू नका. जो मागेल, ज्याला जागा असेल, त्यालाच द्या. बाकीच्यांना स्टीलचा डबा द्या. माळ्यावर पडला तरी त्याला काही होत नाही.

भाचीची बाल्कनी पश्चिमेची निघाली. दुपारी दोनपासून ऊन, पाणी घालायला ती स्वतः, मे महिन्यात पंधरा दिवस कुलूप. मी तिला एकच रोप सांगितले, पोर्टुलाकेरिया. तेही विकत आणू नको म्हटले. माझ्या झाडाची एक फांदी गेल्या उन्हाळ्यात वाऱ्याने मोडली होती. ती मी आठवडाभर सावलीत सुकवून, जखम भरल्यावर मातीत लावली होती. तिने मूळ धरले आहे. दिवाळीला ती येईल तेव्हा घेऊन जाईल. कुंडी तिने कुंभाराकडून आणायची, भोक असलेली.

वहीत त्या दिवशी लिहीन, 'दिले १'. एकवीसच्या मर्यादेत हे रोप गेले वर्षभर बाहेरचेच होते, ती तेवढी चूक माताजींना सांगायची राहिली आहे.

तुमच्या घरी किती कुंड्या आहेत? एकदा मोजून बघा. जय जिनेंद्र.